अंगावरून उतरवल्यानंतरची चाचणी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे आलेख बारकाईने वाचले. आलेख चांगले आहेत आणि तुझी पंचाईत नेमकी त्यामुळेच झाली आहे. कॅमेऱ्यावर बसवलेल्या सेन्सरच्या नोंदींत तुझा नवा स्टॅबिलायझर, म्हणजे कॅमेरा अंगावर पेलून चित्र स्थिर ठेवणारे यंत्र, जुन्यापेक्षा स्पष्टपणे सरस ठरतो. वजनकाट्यावरही तो हलका भरतो. आणि तरीही ज्या दोन अनुभवी ऑपरेटरांनी तो अंगावर चढवला, त्यांपैकी एकाने "जड वाटतो" म्हणून आणि दुसऱ्याने काहीच कारण न सांगता तो परत केला. आता आकड्यांवर विश्वास ठेवावा की माणसांवर, असे तू विचारतेस. ही केवळ सवयीची बाब आहे असे म्हणून तुझ्या वरिष्ठांनी अहवाल मागितला आहे आणि त्यावर तुझी सही हवी आहे.

माझे उत्तर एका वाक्याचे आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, त्याचा कंटाळा करू नकोस. अंगावर घालायच्या यंत्राची चाचणी ते अंगावरून उतरवल्यानंतर पूर्ण होते. तुझी चाचणी अजून पूर्ण झालेली नाही.

आधी "जड वाटतो" हे घे, कारण तो ऑपरेटर अक्षरशः खरे बोलला आहे. पाठीला कळतो तो वजन आणि अंतर यांचा गुणाकार, म्हणजे बल-आघूर्ण. तुझ्याच आराखड्यात जुन्या रिगचा, म्हणजे अंगावरच्या सगळ्या साजाचा, स्लेड (कॅमेरा, मॉनिटर आणि बॅटरी धरणारा उभा दांडा) कॅमेऱ्यासह 25 किलोचा आहे आणि तो कण्यापासून सुमारे 40 सेंटिमीटर पुढे राहतो. म्हणजे कमरेवरचे बल-आघूर्ण 98 न्यूटन-मीटर झाले. नवा स्लेड 22 किलोचा आहे, पण आर्म, म्हणजे स्लेडला अंगाशी जोडणारा स्प्रिंगचा हात, लांबवल्यामुळे तो 50 सेंटिमीटर पुढे गेला आहे. त्याचे बल-आघूर्ण सुमारे 108 न्यूटन-मीटर होते. तीन किलो घटवून तू कमरेवरचा ताण दहा टक्क्यांनी वाढवला आहेस. कण्यालगतचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर मागे असतात. त्या आखूड तरफेवर हा सगळा भार पडला, तर त्यांना दोन हजार न्यूटनांच्या आसपास ओढ सतत धरून ठेवावी लागेल, आणि ती ओढ मणक्यांमधल्या चकत्यांवर दाब म्हणून उतरते. अमेरिकेतील एनआयओएसएच या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने वजन उचलण्याच्या कामासाठी कमरेच्या चकतीवरील दाबाची मर्यादा 3400 न्यूटन धरली आहे, आणि तीसुद्धा उचलून ठेवून देण्याच्या क्रियेसाठी आहे, तासन् तास अंगावर बाळगण्यासाठी नाही.

प्रत्यक्षात सगळा भार त्या स्नायूंवर पडत नाही, हे तू म्हणशील आणि ते बरोबर आहे. चांगला व्हेस्ट, म्हणजे आर्म ज्यावर बसतो ते जाकीट, त्यातला बराच भाग परस्पर कमरेच्या हाडांवर नेतो, आणि उरलेला तोल सांभाळण्यासाठी ऑपरेटर किंचित मागे रेलतो, जसे मूल कडेवर घेतलेली व्यक्ती नकळत विरुद्ध बाजूला झुकते. परंतु किती भाग परस्पर जातो, हाच तर व्हेस्टच्या आराखड्याचा मुख्य प्रश्न आहे, आणि तुझ्या बावीस पानी टिपणात त्याला अर्धे पान मिळाले आहे. छातीवरचा मधला दांडा पुरेसा ताठ आहे का, कमरेचा पट्टा हाडाच्या कडेवर बसतो की पोटाच्या मऊ भागात रुततो, छाती ते कंबर हे अंतर प्रत्येक माणसाला जुळवता येते का, स्त्रियांच्या अंगावर छातीचे पॅड नेमके कुठे टेकतात, यांतले एकही उत्तर कॅमेऱ्यावरच्या सेन्सरमधून मिळणार नाही. व्हेस्ट वर सरकला की भार खांद्यांवर आणि पाठीवर येतो, चित्र मात्र पहिली दहा मिनिटे तितकेच स्थिर राहते. तुझी प्रत्येक फेरी आठ मिनिटांची होती.

आर्मवर तू जीव तोडून काम केले आहेस आणि ते काम सुंदर आहे, हे मला मनापासून सांगायचे आहे. चालताना शरीर सेकंदाला साधारण दोनदा वर-खाली होते. स्प्रिंगच्या आर्मची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे मोकळा सोडला की तो आपणहून ज्या गतीने झुलतो ती, सेकंदाला एक आवर्तन असेल, तर पावलांच्या हालचालीचा सुमारे एक तृतीयांश भाग कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतो. ती अर्ध्या आवर्तनावर आणली, तर जेमतेम पंधरावा भाग उरतो. तू ती अर्ध्याच्या खाली नेलीस आणि सांध्यांतले घर्षण इतके कमी केलेस की अगदी हलके पाऊलही आर्म गिळून टाकतो. घर्षणाकडे लक्ष देणारे नवशिके फार थोडे असतात. घर्षणामुळे अडलेला आर्म लहान हालचालींसाठी ताठ काठीसारखाच वागतो, हे त्यांना फार उशिरा कळते. पण ही सगळी करामत तू आर्म लांबवून साधलीस, आणि त्या लांबीची किंमत जो चुकवतो त्याला तुझ्या आलेखात जागाच नाही.

स्थिरता मिळवण्याचा दुसरा मार्ग तुझ्याच हातात होता. कोनीय डळमळ रोखण्याचे काम जडत्व-आघूर्ण, म्हणजे वस्तूचा फिरवले जाण्याला असलेला विरोध, करते आणि ते अंतराच्या वर्गाने वाढते. गुरुत्वमध्यापासून 30 सेंटिमीटरवर असलेली बॅटरी 60 सेंटिमीटरवर नेली, तर एक ग्रॅमही न वाढवता तिचा वाटा चौपट होतो. अर्थात मग मॉनिटर आणि गिंबल (स्लेडला सर्व दिशांना मोकळे फिरू देणारा सांधा) यांची जागा बदलून समतोल नव्याने बसवावा लागतो, आणि स्लेडचा दांडा फार लांब झाला तर तो जिन्यावर गुडघ्यांना अडतो. तरीही हा बदल आडव्या अंतराला हात लावत नाही, हे त्याचे मोठे मोल आहे. कॅमेरा फारच हलका असेल तर अनुभवी ऑपरेटर त्यावर मुद्दाम वजने लावून घेतात, हे तू पाहिले असशील. म्हणून "हलके करा" हा आदेश कुणी दिला तर तो डोळे मिटून पाळू नकोस. कुठले वजन कुठे ठेवायचे, हे त्या अंगाला विचार.

गॅरेट ब्राउन यांनी 1970च्या दशकात ज्या कल्पनेतून स्टेडीकॅम हा अंगावर घालायचा स्टॅबिलायझर घडवला, ती तुला पाठ आहे: कॅमेरा शरीरापासून सुटा करायचा, वस्तुमान दूरदूर पसरायचे, आणि त्यामुळे मोकळ्या जागी आलेला गुरुत्वमध्य गिंबलने बोटांच्या टोकांवर पेलायचा. 1976 साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटांत त्याचे काम पहिल्यांदा दिसले आणि 1978 साली त्याला ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक सन्मान मिळाला. कॅमेरा शरीरापासून सुटा झाला हे सगळ्यांच्या लक्षात राहिले; त्याचे वजन मात्र आर्म आणि व्हेस्टमधून शरीरावरच येत राहिले, हे आपल्या क्षेत्रातले लोक सोयीने विसरतात. त्याच 1976 साली कॉर्लेट आणि बिशप या दोन संशोधकांनी शरीराचा नकाशा समोर ठेवून कुठे किती दुखते हे माणसालाच नोंदवायला लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कागद, पेन्सिल आणि थोडा संयम यांपलीकडे तिला काही लागत नाही. इतकी साधी पद्धत इतक्या वर्षांत या यंत्रांच्या चाचणीचा अविभाज्य भाग का होऊ नये, याचे समाधानकारक उत्तर मला कुणी दिलेले नाही, आणि या प्रश्नावर माझा संयम सुटतो हेही खरे आहे.

आता कामाचे. ऑपरेटर निवडताना बुटके, उंच, सडपातळ, जाड, स्त्रिया, पुरुष, मुरलेले आणि नवखे असे सगळे घे. तुझ्या प्रयोगशाळेतले तीन धडधाकट सहकारी म्हणजे जग नव्हे. प्रत्येकाला दोन्ही रिग दे, पण क्रम बदलत दे आणि दोहोंमध्ये पुरेशी विश्रांती ठेव, नाहीतर पहिल्याचा थकवा दुसऱ्याच्या माथी बसेल. त्यांना केवळ चालायला लावू नकोस. चालणे डोळ्यांत भरते म्हणून सगळे तेच तपासतात, परंतु कॅमेरा एका जागी रोखून निश्चल उभे राहणे अनेकदा अधिक जड जाते, कारण तेव्हा त्याच स्नायूंना उसंतच मिळत नाही. जिना, उलट पावली चालणे, कॅमेरा पायांजवळ ठेवून चालणे आणि दोन टेकमधले ते ताटकळणे, ज्यात रिग अंगावरच असतो आणि कुणी "आता लगेच" म्हणत पाच मिनिटे लावतो, हे सारे त्यात हवे. दर दहा मिनिटांनी गुन्नार बोर्ग यांच्या 6 ते 20 च्या श्रममापनावर त्यांना आकडा सांगायला लाव. तो आकडा दहाने गुणला की निरोगी तरुणाच्या हृदयाच्या ठोक्यांच्या जवळपास जावा, अशा बेताने ती मोजपट्टी आखलेली आहे, तेव्हा ठोकेही सोबत नोंदव. शरीराचा नकाशा रिग चढवण्याआधी, उतरवल्याबरोबर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भरून घे. ती सकाळची नोंद कुणी अनावश्यक ठरवली तर त्याच्याशी भांड. पाठीच्या स्नायूंचे विद्युत-मापन करण्याचा मोह तुला होईल. जरूर कर, पण व्हेस्टचा दाब इलेक्ट्रोडवर आला की नोंद बिघडते, हे ध्यानात ठेवूनच त्यावर विसंब.

आणि यंत्रांकडे पाहून झाले की ऑपरेटरच्या बोटांकडे पाहा. सुरुवातीला एक हात गिंबलच्या मुठीवर सैल असतो आणि दुसऱ्या हाताचा अंगठा व दोन बोटे गिंबलशेजारी दांड्याला केवळ स्पर्श करतात. दिशा द्यायला तेवढे पुरते. पाठ थकू लागली की ती बोटे हळूहळू मिटतात, तिसरे आणि चौथे बोट दांड्यावर येते, नखांचा रंग फिका पडतो, आणि मग माणूस दांड्यालाच धरून उभा राहतो. त्याच क्षणापासून पॅनच्या, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवण्याच्या, अखेरीस बारीक झटके दिसू लागतात. तू माणूस आणि आकडे यांचे भांडण मांडलेस, पण ते मुळात नाहीच. तुझ्या सेन्सरला चाळिसाव्या मिनिटापर्यंत चालू ठेवले असतेस, तर त्यानेही त्या ऑपरेटरचीच बाजू घेतली असती. अंगावरून उतरेपर्यंत मोज, उतरल्यानंतरही मोज, एवढेच मी म्हणतो आहे.

मोटारींवर चालणाऱ्या गिंबलविषयी तू एका ओळीत विचारले आहेस, तेव्हा तेवढ्यातच सांगतो: मोटारी कोन सुधारतात, पावलांचा वर-खाली हेलकावा सुधारत नाहीत, आणि हात पुढे करून धरलेल्या गिंबललाही वजन गुणिले अंतर हाच हिशेब लागू आहे.

सहीबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहिले पाहिजे. एका उत्पादकाने असाच थोड्या मिनिटांच्या फेऱ्यांवर बेतलेला अहवाल माझ्यासमोर ठेवला होता. पूर्ण दिवसाच्या कामाची चाचणी झाल्याशिवाय सही करणार नाही, असे मी सांगितले. त्यांनी दुसऱ्याची सही घेतली, माझ्याकडे येणारे काम थांबले, आणि ज्या सहकाऱ्याबरोबर मी उमेदीची वर्षे काढली होती त्याने मला आडमुठा ठरवून बोलणे सोडले. ते काम गेल्याचे मला काही वाटत नाही. तो मित्र गेल्याची खंत आजही आहे, आणि त्याला आणखी थोडे धीराने समजावता आले असते का, हा विचार अधूनमधून येतो. पण माझी मागणी अवाजवी होती असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही. ज्या यंत्राखाली दुसऱ्या कुणाची पाठ दिवसभर राहणार आहे, त्याच्याबद्दल एका दिवसाचा पुरावा मागणे याला लोक हट्ट म्हणत असतील, तर तो हट्ट तूही धर. "सवय होईल" हे वाक्य ज्याला सवय करून घ्यायची नाही तोच उच्चारत असतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की ते ऐकताच माझा आवाज चढतो.

तुझी परिस्थिती माझ्यापेक्षा अवघड आहे, हे मला समजते. तू नोकरीत नवी आहेस आणि सरळ नकार देणे तुला परवडणार नाही. मग नकार देऊ नकोस. अहवालाच्या पहिल्याच परिच्छेदात फेरी किती मिनिटांची होती, ऑपरेटर किती आणि कसे होते, दोघांनी रिग परत केला आणि त्यांच्या शरीराची नोंद घेतलेली नाही, हे स्वच्छ शब्दांत लिही. तो परिच्छेद कुणी काढायला सांगितला, तरच सही रोखून धर. त्या दुसऱ्या ऑपरेटरकडेही जा, ज्याने कारण सांगितले नाही. चारचौघांत "दुखते" म्हणणे या धंद्यात अनेकांना जड जाते, कारण पुढचे काम हातचे जाईल ही धास्ती असते. त्याला नकाशा दे, पेन्सिल दे आणि खोलीतून बाहेर जा.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या आधी कर. व्हेस्ट एका हाताने, भार अंगावर असताना, अंधारात सुटतो की नाही हे तपासल्याशिवाय कुणालाही जिन्यावर चढवू नकोस. तुझ्या आराखड्यात डावीकडची कळ आर्मच्या सॉकेटखाली दडते आहे. ती जागा बदलून, आर्म दहा सेंटिमीटर मागे घेऊन, नवा आराखडा आणि चाचणीचे वेळापत्रक मला पाठव. मी लगेच वाचून कळवतो.

तुझा शुभचिंतक