‘स्वभावाला औषध नाही’ हे कितपत खरं?

अर्धंच खरं. बुजरेपणा, तापटपणा असा मूळ कल बराचसा उपजत असतो, तो पुसला जात नाही. पण त्यातून घडणारं वागणं बदलतं, आणि ते टिकलं की स्वभावही सरकतो. २०१७ साली मानसशास्त्रज्ञ ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०७ अभ्यास एकत्र तपासले. मानसोपचारांसारख्या उपायांनंतर सर्वाधिक फरक भावनिक स्थैर्यात दिसला.

नुसता निश्चय मात्र फसतो. ‘यापुढे चिडणार नाही’ यात कधी, कुठे, काय करायचं हेच ठरलेलं नसतं. एकच प्रसंग धरा: ‘मुलाने अभ्यास टाळला, की आधी पाणी पिईन, मग बोलेन.’ किरकोळ वाटतं, पण हेच उपयोगी पडतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासात साधी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. माणसागणिक हा आकडा १८ ते २५४ असा बदलला. तेव्हा ‘२१ दिवसांत सवय लागते’ अशा दाव्यांवर कृपया विसंबू नका. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. घात होतो तो झोप अपुरी असताना किंवा उपाशीपोटी; तेव्हा जुनं वळण उसळतं.

मारहाण, व्यसन किंवा खोल नैराश्य असेल तर एकट्याने झुंजू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.