दाराला अभिषेकाचं तेल लावलं की संकट टळतं का?

तेलात, पाण्यात किंवा उशाखाली ठेवलेल्या बायबलमध्ये स्वतःची अशी कोणतीही शक्ती नसते. दाराच्या चौकटीला प्रार्थनेचं तेल लावणं ही श्रद्धा की अंधश्रद्धा, असं तुम्ही विचारलंय. भरवसा तेलावर असेल तर ती अंधश्रद्धाच, बाटलीवर क्रूस छापलेला असला तरी.

हे बायबलच दाखवतं. १ शमुवेल ४ वाचा. पलिष्ट्यांकडून हरल्यावर इस्राएली लोकांनी शिलो गावाहून कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, रणांगणात आणला, हा आपल्याला वाचवील म्हणून. एवढा जयघोष केला की भूमी दणाणली. आणि झालं काय? ३०,००० पायदळ पडलं, कोशही शत्रूच्या हाती गेला. पुढे मोशेने केलेल्या पितळी सापापुढे लोक धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले (२ राजे १८:४). देवाच्याच आज्ञेने घडवलेली वस्तू होती ती!

याकोब ५:१४ मध्ये तेल आहे, हे खरं. पण तिथे मंडळीचे वडीलधारे पुढारी आजाऱ्याजवळ येऊन प्रार्थना करतात, आणि पुढचं वचन श्रेय विश्वासाच्या प्रार्थनेला देतं, तेलाला नाही.

मला खरी काळजी वाटते ती ‘विश्वास असेल तर गोळ्या बंद करा’ असं सांगणाऱ्यांची. इन्सुलिन किंवा फिटचं औषध असं थांबवलं तर जीव जाऊ शकतो. प्रेषित पौल आपला सोबती लूक याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो (कलस्सै ४:१४), वैद्यकी सोड म्हणत नाही. तुम्हाला कुणी असं सांगत असेल तर औषध चालू ठेवा आणि त्यांच्या प्रार्थनासभेला जाणं बंद करा.