त्याला आत टाकायचं नाही, पण मार थांबायला हवा

प्रश्न : नवरा इचलकरंजीत लूमवर कामाला आहे. पगार झाला की पिऊन येतो आणि मारतो. चौकीत गेले, तर "केस करायची की मिटवायचं?" एवढंच विचारलं. तो आत गेला तर घर कसं चालणार? राहतं घर सासऱ्यांच्या नावावर. सासूबाई म्हणतात, चार माणसं बसवू. ताई, केस न करता काही होतं का? — एक वाचक

उत्तर : होतं. चौकीत तुम्हाला अर्धंच सांगितलं.

२००५चा घरगुती हिंसाचाराचा कायदा मुळात नवऱ्याला आत टाकण्यासाठी नाहीच. मॅजिस्ट्रेटकडून आदेश घ्यायचा : हात उचलायचा नाही, घराबाहेर काढायचं नाही, खर्चाला दरमहा इतके द्यायचे. संरक्षणाचा आदेश त्याने मोडला, तर मात्र तो गुन्हा. एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे आत जायचं की नाही, ते त्याच्या वागण्यावर. घर सासऱ्यांचं म्हणून तुमचा तिथे राहण्याचा हक्क आपोआप जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२०मध्ये स्पष्ट केलंय. महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्यांना गाठा, मारहाणीचा अहवाल आणि मॅजिस्ट्रेटकडचा अर्ज ते भरून घेतात. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. बाईला उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

आता चार माणसं. त्यांच्यावर माझा फारसा भरवसा नाही. अशा बैठकीत मार राहतो बाजूला आणि "तूही उलट बोलत असशील" सुरू होतं. त्यापेक्षा पोलीस ठाण्यातल्या महिला विशेष कक्षात जा. १९८४मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने हे काम सुरू केलं. तिथे समाजकार्यकर्त्या बसतात. मीही अशा कक्षात काम केलंय. नवरा खुर्चीत टेकला की, "मॅडम, हिचं तोंड फार चालतं." मी पेन खाली ठेवायचे. कोर्टाने लावलेल्या समुपदेशनात तर मारहाणीचं समर्थन करायला नियमानेच मनाई आहे.

कक्षात नवऱ्याकडून लेखी घ्याल तेव्हा "यापुढे त्रास देणार नाही" एवढ्यावर सही घेऊन उठू नका. असल्या कागदांच्या चळती पाहिल्यात मी. पगारातले किती पैसे त्याच दिवशी तुमच्या हातात येणार, पिऊन आला तर तो कुठे झोपणार, पुन्हा हात उचलला तर तुम्ही काय करणार, हे सगळं त्यात आलं पाहिजे. प्रत तुमच्याकडे ठेवा. घरात नको, माहेरी.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, म्हणून विचारते. त्याने कधी गळा दाबलाय का? दाबला असेल तर बैठक नको, समुपदेशनही नको. वरून खूण दिसत नसली तरी सरकारी दवाखान्यात दाखवा, केसपेपर जपा. पुन्हा तसं झालं तर ११२ फिरवा. राहायला जागा हवी असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर विचारा. मुलं असतील तर त्यांना घेऊन आधी बाहेर पडा, अर्जाचं तिथून बघता येईल.