बेलफास्टमध्ये कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षाच्या खुणा आजही दिसतात का?

दिसतात, आणि शोधाव्याही लागत नाहीत. उत्तर आयर्लंडमधला हा संघर्ष मिटवण्यासाठी झालेल्या 1998 च्या गुड फ्रायडे करारानंतरही दोन्ही पंथांच्या वस्त्या वेगळ्या करणाऱ्या भिंती उभ्याच आहेत. ऑगस्ट 1969 च्या दंगलीत बॉम्बे स्ट्रीटवरची कॅथलिकांची घरं जाळली गेली आणि पुढच्याच महिन्यात ब्रिटिश लष्कराने काटेरी तारांचं तात्पुरतं कुंपण घातलं. त्या तात्पुरत्याचं पुढे कायमचं झालं.

कूपर वे या रस्त्यावरची भिंत नीट पाहा: खाली काँक्रीट, त्यावर पत्रा, सर्वात वर जाळी. फेकलेली वस्तू वरून पलीकडे जायची, म्हणून एकेक थर चढत गेला. पलीकडे बॉम्बे स्ट्रीटवर काही घरांच्या परसाला वरूनही जाळीचं छत आहे. लॅनार्क वे या रस्त्यावरचं, दोन वस्त्यांमधलं फाटक रात्री बंद होतं. गाडीने जाणार असाल तर वळसा धरा.

बाकी ओळख रंगांवरून. फुटपाथची कड लाल-पांढरी-निळी दिसली की वस्ती ब्रिटननिष्ठ प्रोटेस्टंटांची. आयर्लंडचा हिरवा-पांढरा-केशरी झेंडा दिसला की आयर्लंडमध्ये सामील होऊ पाहणाऱ्या कॅथलिकांची. (आपला तिरंगा समजून फसू नका, पट्टे उभे असतात.)

सगळ्यात अजब खूण मात्र 1969 च्या शंभर वर्षं आधीची. 1869 मध्ये सुरू झालेल्या सिटी सिमेट्रीत दोन्ही पंथांचे मृत वेगळे राहावेत म्हणून जमिनीखाली भिंत बांधलेली आहे.

2023 पर्यंत सगळ्या भिंती काढायचं सरकारने 2013 मध्ये ठरवलं होतं. क्रमलिन रोडची 2016 मध्ये पडली, पण बऱ्याच तशाच आहेत. शेजारच्या रहिवाशांनाच त्या हटवायची धास्ती वाटते.