फोनवर दिसतं ते फक्त छत

ताई, माझी मुलगी आठ वर्षांची आहे. घटस्फोटानंतर ताबा तिच्या आईकडे गेला. गेल्या वर्षी ती मुलीला घेऊन नोकरीसाठी परदेशात गेली. कोर्टाच्या आदेशात ‘वडिलांना वाजवी संपर्क ठेवता येईल’ एवढंच आहे. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल व्हायचा. मुलगी दोन मिनिटं बोलायची, मग फोन टेबलावर उताणा टाकून निघून जायची आणि मी छताकडे बघत बसायचो. दोन महिने झाले, आता तेही बंद. भाऊ म्हणतो, खर्चाचे पैसे थांबव, आपोआप फोन लागेल. सुट्टीत मुलगी आली तर परत पाठवूच नये, असंही मनात येतं. माझा हक्क नक्की काय?

— छत बघणारा बाप

आधी भावाला गप्प बसवा. खर्चाचे पैसे मुलीचे आहेत, तिच्या आईचे नव्हेत. ते थांबवलेत तर उद्या समोरचा वकील उभा राहून पहिलं वाक्य तेच वाचेल, आणि तुमचं गाऱ्हाणं कितीही खरं असलं तरी मागे पडेल.

मुलीला परत न पाठवण्याचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. आंतरराष्ट्रीय बाल-अपहरणाबाबत 1980 सालचा हेग करार आहे. मूल बेकायदा नेणं आणि ठरल्या दिवशी परत न पाठवणं, दोन्हींना तो एकाच मापाने मोजतो. भारतासारखे काही देश त्यात नाहीत, पण म्हणून मोकळीक मिळाली असं समजू नका. एकदा असं झालं की आई पुन्हा मुलीला तुमच्याकडे पाठवायची नाही, आणि कोर्टही तिला तसं सांगायला धजावणार नाही.

आता हक्काचं. बालहक्कांचा 1989 चा संयुक्त राष्ट्रांचा करार जवळपास सगळ्या देशांनी मान्य केलाय. त्याच्या दहाव्या कलमात तुमचीच परिस्थिती आहे: आईवडील वेगवेगळ्या देशांत राहत असतील, तर अपवादात्मक कारण नसताना दोघांशीही नियमित, थेट संपर्क ठेवण्याचा हक्क. मात्र हा हक्क मुलाच्या नावाने लिहिलाय. म्हणून अर्जात ‘मला मुलगी भेटू देत नाहीत’ असं लिहू नका. ‘मुलीचा बापाशी संपर्क तुटलाय’ असं लिहा. न्यायाधीश दुसरं वाक्य जास्त लक्ष देऊन वाचतात.

अर्ज कुठे करायचा? बहुतेक वेळा मूल जिथे नेहमी राहतं, तिथे. तुमच्या हातातला आदेश त्या देशात आपोआप चालेलच असं नाही. तो तिथल्या कोर्टाकडून मान्य करून घ्यावा लागतो, किंवा तसाच आदेश तिथे काढून घ्यावा लागतो. वकील त्याला मिरर ऑर्डर म्हणतात. मुलगी देशाबाहेर जाण्याआधी हे झालं असतं तर बरं होतं, पण ते आता गेलं. दोन्ही देश 1980 च्या करारात असतील, तर एकविसाव्या कलमाखाली भेटीगाठींच्या हक्कासाठी या करारासाठी सरकारने नेमलेल्या कार्यालयाकडे, म्हणजे मध्यवर्ती प्राधिकरणाकडे, अर्ज करता येतो. मूल सोळा वर्षांचं होईपर्यंतच. मुलांच्या संरक्षणाबाबत 1996 चा वेगळा हेग करार आहे, त्यात फारसं कोणाला माहीत नसलेलं पस्तिसावं कलम आहे: दूर राहणाऱ्या पालकाला आपल्याच देशातल्या अधिकाऱ्यांकडून आपल्या योग्यतेची चौकशी करून घेता येते आणि मुलाच्या देशातल्या कोर्टाला ती विचारात घ्यावी लागते. तुमचे दोन देश कोणते, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा: दोन्ही देश यातल्या कोणकोणत्या करारांत आहेत?

तुमच्या आदेशात खरं दुखणं आहे ते ‘वाजवी’ या शब्दात. दोघांचं बरं असतं तोवर तो शब्द पुरतो. बिनसलं की त्याचा अर्थ ज्याच्या हातात फोन, तो ठरवतो. नवा आदेश मागाल तेव्हा वार लिहून घ्या, वेळ मुलीच्या गावच्या घड्याळाने लिहून घ्या. अनेक देशांत वर्षातून दोनदा घड्याळ एक तास सरकतं, आणि ‘तू उशिरा केलास, ती झोपली’ हे भांडण तिथूनच सुरू होतं. कॉल चुकला तर बदली कॉल कधी, शाळेचा निकाल तुम्हाला कोण पाठवणार, सुट्टीतलं तिकीट कोणाच्या खर्चाने, पासपोर्ट कोणाकडे, हेही त्यातच.

पण कोर्ट तुम्हाला अर्धा तास मिळवून देईल, त्या अर्ध्या तासात मुलगी खुर्चीत बसेल याची हमी देणार नाही. ‘जेवलीस का? शाळा कशी आहे?’ यावर आठ वर्षांचं मूल ‘हो’ आणि ‘बरी’ म्हणतं आणि संपतं. (मलाही कोणी फोनवर ‘आणखी काय?’ विचारलं की काही सुचत नाही.) गप्पा मारू नका, काहीतरी करा. एकच पुस्तक दोन्ही घरी ठेवा, एक पान तिने वाचायचं, एक तुम्ही. किंवा दोघांनी एकच मांजर काढायचं आणि शेवटी कागद कॅमेऱ्यासमोर धरायचे. तुमचं मांजर जितकं वाईट, तितकं बरं.

आणि एक विचारते, राग मानू नका. दोन महिन्यांपूर्वीच्या शेवटच्या कॉलमध्ये काय झालं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घरी कोण येतं, आई कुठे जाते, असं काही मुलीला विचारलंत का? विचारलं असेल, तर आईला तसं सांगून माफी मागा. नसेल, तर पुढचं पाऊल सरळ आहे.

वकिलाकडे जाण्याआधी मुलीच्या आईला चार ओळींचा मेल करा, आरोपाचा एकही शब्द न घालता: ‘मंगळवारी तुमच्याकडच्या सहा वाजता मी फोन करेन. वीस मिनिटं. आम्ही चित्र काढू. ही वेळ जमत नसेल तर तू दुसरी सांग.’ उत्तर आलं नाही तर पुढच्या मंगळवारी पुन्हा फोन करा आणि तारीख, वेळ वहीत टिपून ठेवा. ती वही पुढे वकिलाला लागेल. पैसे ठरल्या तारखेला टाका. मेलमध्ये त्यांचा उल्लेख नको.