एफडी मोडून लायका कॅमेरा घ्यावा का?

प्रश्न : मी बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर आहे. वय ४४. हातात ८२ हजार येतात, गृहकर्जाच्या हप्त्यासकट घरखर्च ६२ हजार, एसआयपी ९ हजार. सहा लाखांची एकच एफडी आहे. मुलगी अकरावीत आहे. मला जुन्या फिल्म कॅमेऱ्यांचा नाद आहे. पेंटॅक्स के१०००, याशिका इलेक्ट्रो आणि वडिलांचा अ‍ॅग्फा क्लिक थ्री वापरतो. महिन्याला दोन रोल काढतो. रोल, धुलाई आणि स्कॅनिंग मिळून एका रोलमागे १,६०० रुपये जातात. दांडिया बाजारातले जुने वाडे आणि तिथली वडीलधारी माणसं टिपण्याचं काम गेली काही वर्षं चालू आहे. रावपुऱ्यातला एक स्टुडिओ आता बंद होतोय. तिथले काका लायका एम३ लेन्ससह २,१०,०००, रोलिफ्लेक्स ३.५ एफ ८५,०००, निकॉन एफ२ ४५,०००, याशिकामॅट ३५,००० आणि फोटो मोठे छापायचा एन्लार्जर व सुट्या लेन्स ४५,००० असं सगळं मिळून ४,२०,००० ला द्यायला तयार आहेत. जुन्या कॅमेऱ्यांचे भाव चढतायत, लिलावात लायकाला कोट्यवधी मिळाल्याचं वाचतो. एफडी मोडून ही गुंतवणूक करावी का? बायको नको म्हणते.

उत्तर : एकगठ्ठा घेऊ नका. रोलिफ्लेक्स मात्र जरूर घ्या, आणि त्यासाठी एफडी मोडू नका.

गुंतवणूक म्हणून हा हिशेब बसत नाही. ४ लाख २० हजार रुपये बँकेत करानंतर साडेपाच टक्क्यांनी जरी वाढले, तरी दहा वर्षांत ७ लाख १७ हजार होतात. तेवढेच पैसे कॅमेऱ्यांतून हातात यायला हवेत. विकताना दुकानदार स्वतःचा नफा सोडून भाव देणार. तो वीस टक्के धरला, तर कॅमेऱ्यांची बाजारातली किंमत नऊ लाखांच्या घरात जायला हवी, म्हणजे आजच्या दुपटीहून जास्त. मधल्या काळातलं सर्व्हिसिंग यात धरलेलंच नाही. शिवाय मुलीच्या प्रवेशाच्या आठवड्यात पैसे हवे असतील तर एफडी दिवसभरात मोकळी होते, निकॉनला गिऱ्हाईक शोधावं लागतं.

लिलावाचं म्हणाल, तर जून २०२२ मध्ये जर्मनीतल्या वेट्झलारला १ कोटी ४४ लाख युरोला गेलेला लायका हा चाचणीसाठी बनवलेल्या अगदी सुरुवातीच्या मोजक्या नगांपैकी होता, आणि तो लायकाचे जनक ऑस्कर बार्नाक यांच्या स्वतःच्या वापरातला होता. एम३ हा १९५४ पासून दोन लाखांहून जास्त संख्येने बनलेला कॅमेरा आहे. उत्तम कॅमेरा आहे यात शंका नाही, आणि या गठ्ठ्यात पटकन विकला जाईल असा तोच एक आहे. पण दुर्मीळ नाही. बार्नाकच्या कॅमेऱ्याचा भाव बघून त्याची किंमत ठरत नाही.

आणखी एक जोखीम फिल्मची. कोडॅकची कोडाक्रोम ही रंगीत फिल्म २००९ मध्ये बंद झाली आणि पुढच्या वर्षाअखेरीस ती धुणारी जगातली शेवटची लॅबही थांबली. आपल्याकडे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल मिळायचा, तो कारखानाही गेला. २०२४ मध्ये पेंटॅक्सने नवा फिल्म कॅमेरा काढण्याइतका उत्साह बाजारात आहे हे खरं, पण आपल्याला लागणारी फिल्म बाहेरून येते आणि डॉलर चढला की रोल महाग होतो. रोल परवडेनासे झाले तर वापरण्यासाठी कॅमेरा घेणारे कमी होतील, आणि तुमचं गिऱ्हाईक तेच आहे.

आता घराकडे बघू. सहा महिन्यांचा खर्च ३ लाख ७२ हजार. एवढे पैसे कारखान्यात काही झालं तर म्हणून कायम बाजूला हवेत. सहा लाखांतून उरतात २ लाख २८ हजार, आणि दोन वर्षांत कॉलेजची पहिली फी समोर आहे. ४ लाख २० हजार काढले तर मागे १ लाख ८० हजार राहतात, म्हणजे तीन महिन्यांचाही खर्च नाही. वहिनींना हेच दिसतंय, आणि त्यांचं बरोबर आहे.

पण तुमच्या छंदाला नाही म्हणायला मी तयार नाही. वाडे पडतायत, ती माणसं ऐंशीच्या पुढची आहेत, आणि हे काम तुम्ही नेटाने चालवलंय. चित्रकार-छायाचित्रकार ज्योती भट्टांनी गावोगाव फिरून भिंतींवरची, अंगणांतली लोककला फिल्मवर टिपून ठेवली, त्याच बडोद्यात तुम्ही हे करताय. क्लिक थ्रीसुद्धा इथल्याच न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला. माणसांचे फोटो काढताना कमरेशी धरून, वरून खाली बघायचा रोलिफ्लेक्स फार सोयीचा. समोरच्याच्या तोंडावर कॅमेरा रोखला जात नाही, म्हातारी माणसं मोकळी होतात. पस्तीस मिमीचे दोन चांगले कॅमेरे तुमच्याकडे आहेत, तेव्हा एम३ आणि एफ२ नसल्यामुळे काही अडत नाही.

पैशांची सोय अशी. एफडी मोडलीत तर व्याजदर सहसा अर्धा ते एक टक्का कापला जातो, तोही पूर्ण सहा लाखांवर. त्याऐवजी त्याच एफडीवर ८५ हजारांचा ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून उचल घ्या. एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याज पडतं, तेही वापरलेल्या रकमेवरच. पगारातून घरखर्च, एसआयपी आणि दोन रोलचे ३,२०० जाऊन तुमच्याकडे महिन्याला ७,८०० उरतात. ते सगळे इकडे भरलेत तर वर्षभरात खातं कोरं होतं आणि व्याज चार हजारांच्या आत राहतं. तोवर दुसरा कॅमेरा नाही, लेन्स नाही, शुक्रवारी बाजारातला ‘स्वस्तात मिळाला’ म्हणून बॉक्स कॅमेराही नाही.

रोलिफ्लेक्समध्ये १२० चा रोल लागतो आणि त्यावर बाराच फोटो निघतात. रोलमागचा खर्च तेवढाच, १,६०० धरला तर फोटोला १३३ रुपये पडतात. पस्तीस मिमीच्या छत्तीस फोटोंच्या रोलवर तोच हिशेब ४४ रुपयांचा आहे. म्हणून कृष्णधवल रोल घरी धुवायला शिका. टँक आणि डी-७६ हे डेव्हलपर व फिक्सर ही दोन रसायनं एवढ्यात काम भागतं. द्रावण वीस अंशांना हवं असतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणीच तिशीच्या वर असतं, तेव्हा बर्फाचं पाणी भरलेली परात जवळ ठेवा. रंगीत रोल लॅबलाच द्या.

साठवणीचा खर्चही धरा. बडोद्याच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सवर बुरशी धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर एवढं तरी हवंच. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा ठेवू नका, ते ओल धरून ठेवतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी किती घरांत शिरलं ते तुम्हाला सांगायला नको. तळमजल्यावर राहत असाल तर डबा माळ्यावर ठेवा. घराच्या विम्यात कॅमेऱ्यांची यादी, नंबर आणि किंमत आधीच लिहून घ्या. या यादीची एक प्रत वहिनींकडे असू द्या, कोणता कॅमेरा कितीचा आणि विकायचा झाला तर कुणाला विचारायचं यासकट.

कराचं थोडक्यात : स्वतःच्या वापरातला कॅमेरा कधी विकलात तर त्यावर सहसा भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण नेमाने घेऊन विकायला लागलात तर तो धंदा होतो आणि उत्पन्नात दाखवावा लागतो.

काका सुटा कॅमेरा देत नसतील तर तुमच्यासारख्या आणखी दोघांना बरोबर घेऊन गठ्ठा वाटून घ्या, पण ज्याने त्याने आपले पैसे थेट काकांना द्यायचे. ‘मी सगळं घेतो, मग तुम्हाला देतो’ हे अजिबात करू नका. बाकीचे दोघं मागे सरले की एम३ तुमच्या गळ्यात.

व्यवहाराआधी कॅमेरा दिवसाउजेडी बघा. शटर एका सेकंदावर लावा आणि कान द्या. आतली चक्रं एकसारखी कुरकुरत सेकंद पुरा करायला हवीत. मध्येच अडखळली तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून कमी करून मागा. मागचं झाकण उघडून, शटर उघडं ठेवून लेन्समधून टॉर्च मारा : कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर बुरशी आहे. रोलिफ्लेक्सला एकावर एक दोन लेन्स असतात. वरची फक्त बघायची, तिचं फारसं बिघडत नाही, फोटो खालच्या लेन्समधून उतरतो, ती स्वच्छ हवी. लाइट मीटर मेलेला असला तरी चालेल, मोबाइलवर काम होतं, पण तेवढ्यासाठीही भाव उतरवून मागा. मग पाच हजार इसार देऊन एक रोल काढा, धुऊन बघा, आणि बाराही फोटो नीट आले तरच उरलेले ८० हजार बँकेतून काकांच्या खात्यात पाठवा.