डाग पडलेली माणसं आणि बी.एड.चा अर्ज

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, असलेल्या वडिलांचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणालेत, म्हणून छापत नाही. पत्र लांबलचक आहे, मुद्द्याचं तेवढं देते:

"मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मराठी विषय घेऊन. घरी आम्ही तेलुगू बोलतो, ती लिहिते मराठीत. मोबाईलवरच्या एका अ‍ॅपवर तिची प्रेमकथा चालू आहे, ३१ भाग झालेत. मला ते बाहेरून कळलं. मी झेरॉक्सच्या दुकानात सगळे भाग छापून घेतले आणि वाचले. तिला हे माहीत नाही. नायक आईशी खोटं बोलतो, नायिका सख्ख्या बहिणीचा चारचौघांत अपमान करते. मी २६ वर्षं मागावर आहे. डाग पडलेला टॉवेल आम्ही बाजूला काढतो, आणि माझी पोरगी डाग पडलेलीच माणसं निवडून घेते. चांगल्या माणसांची गोष्ट लिहायला काय होतं? यावर पोट भरेल का? मी बी.एड. कर म्हणतो, ती ऐकत नाही. उद्या अश्लील म्हणून केस-बिस झाली तर? आणि ताई, त्या पोरानं आईला खरं सांगितलं का? पुढच्या भागात येईल का ते?"

नमस्कार अण्णा,

तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मला हसू आलं, राग मानू नका. अहो, ज्या पोराला तुम्ही डागी माल म्हणता, त्याच्या काळजीनं तुम्ही ३१ भाग वाचलेत. तो सरळमार्गी असता तर तिसऱ्या भागातच तुम्ही कागद रद्दीत टाकले असते.

तुम्ही पाठवलेली पानं मीही वाचली. ज्यांनी वाचली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नायक विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहतो, कारखान्यात हिशेब लिहितो. आईनं विड्या वळून पोस्टात साठवलेले पैसे त्यानं मित्राच्या धंद्यात घातले आणि ते बुडाले. बहिणीचं लग्न जवळ आलंय. आई दर रविवारी पासबुक भरून आणलंस का विचारते, हा दर वेळी सांगतो की पोस्टातलं मशीन बंद आहे. आणि हाच मुलगा रात्री आईच्या बोटांना तेल चोळून देतो. अण्णा, तेल चोळताना तो आईच्या तोंडाकडे बघत नाही, हे वाक्य तुमच्या लेकीनं लिहिलंय. मी तिथे थांबले. वीस वर्षांची मुलगी हे कुठून शिकली, असा विचार करत बसले.

तुमच्या मागाचंच उदाहरण घेते. तार तुटली की तुम्ही माग थांबवता, गाठ मारता, पुन्हा चालू करता. ती गाठ कापडात दिसू नये, हे तुमचं कसब. गोष्टीत मात्र तार तुटते तिथून काम सुरू होतं, आणि गाठ कशी मारली हेच वाचणाऱ्याला बघायचं असतं. अखंड कापड बघायला कोण तिकीट काढून येणार?

मी स्वतः कॉलेजात असताना एक कथा लिहिली होती. माझी नायिका पहाटे पाचला उठायची, शास्त्रीय गायची, विद्यापीठात पहिली यायची आणि पुरणपोळ्याही तिच्या फाटायच्या नाहीत. मैत्रिणीनं दोन पानं वाचली आणि विचारलं, "हिला एकदा ताप तरी येऊ दे की गं." ती वही अजून माझ्या माळ्यावर आहे.

डाग पडलेली माणसं निवडायची ही खोड तुमच्या लेकीनं नव्यानं शोधलेली नाही. जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेनं 'एमा' लिहायला घेतली तेव्हा ती म्हणाली होती की, माझ्याखेरीज फारशी कुणाला आवडणार नाही अशी नायिका मी घेते आहे. कादंबरी १८१५ च्या डिसेंबरात आली. एमा श्रीमंत, हुशार आणि लुडबुडी. दुसऱ्यांची लग्नं जुळवायला जाते आणि घोटाळे करून ठेवते. एका सहलीत गरीब, बडबड्या, भोळ्या बाईची सगळ्यांसमोर टिंगल करते. मग तिच्यावर जीव असलेला माणूस तिला एकटीला गाठून सुनावतो, तेव्हा ती रडते. तुमच्या लेकीच्या नायिकेनं दहावी नापास बहिणीला पाहुण्यांसमोर 'आमच्याकडची झिरो' म्हटलं, तो प्रसंग याच जातीचा आहे. तिनं 'एमा' वाचली असेल असं मला वाटत नाही. घरातच कुठेतरी ऐकलं असेल.

शार्लट ब्राँटेची गोष्ट तर आणखी मजेची आहे. तिच्या बहिणी नायिका सुंदरच हवी असं धरून चालायच्या. हिनं त्यांना बजावलं, मी माझ्यासारखीच साधी आणि ठेंगणी नायिका घेऊन दाखवते, आणि १८४७ मध्ये 'जेन एअर' आली. तिचा नायक केवढं मोठं खोटं बोलतो! पहिली बायको वरच्या मजल्यावर कोंडलेली असताना हा दुसऱ्या लग्नाला उभा राहतो. पण लेखिका त्याला फुकट सोडत नाही. घर जळतं, एक हात जातो, डोळे जातात. जेन परत येते ती त्यानंतर.

इथे मला तुमच्या लेकीशी भांडायचं आहे, हा भाग तिला वाचायला द्याच. तिच्या नायकात दोन दोष आहेत. एक खोटं बोलण्याचा, तो अस्सल आहे. तो त्याच्या गुणातूनच आलाय: आईला दुखवायचं नाही म्हणून तो खरं सांगत नाही, आणि त्यामुळेच तिला जास्त दुखवणार आहे. त्या खोट्यापायी त्याची झोप जाते, मित्र जातो, नायिकेचा विश्वास जातो. दुसरा दोष म्हणजे राग, आणि तो वरून चिकटवलेला आहे. एकोणिसाव्या भागात तो गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत तिचं मनगट पिळून तिला ओढत बाजूला नेतो, कारण ती वर्गातल्या एका मुलाशी बोलत होती. आणि पुढच्याच ओळीत तिच्या अंगावर शहारा येतो, तिला ते प्रेम वाटतं! मनगट दुखलं का? दुसऱ्या दिवशी वळ दिसला का, तिनं तो बांगडीखाली लपवला का, आईनं विचारलं का? काहीच नाही. खोट्याची किंमत पै-पैनं वसूल करणाऱ्या लेखिकेनं हे मनगट मात्र फुकट पिळू दिलं. असला नायक खपतो म्हणून टाकला असणार. त्या भागाखाली वाचकांचे लाईकचे बदाम भरपूर आलेत, तेही छापील पानावर दिसतं आहे.

अमेरिकेतल्या प्रणयकादंबरीकार जेन अ‍ॅन क्रेंट्झ यांनी १९९२ मध्ये आपल्याच क्षेत्रातल्या लेखिकांचे निबंध एकत्र करून पुस्तक काढलं. लोक प्रेमकथांना नाकं मुरडतात, तर त्या लिहिणाऱ्यांनीच आपलं म्हणणं मांडावं, असा त्यांचा हेतू होता. क्रेंट्झ यांचं स्वतःचं म्हणणं असं की प्रेमकथेत नायक हाच नायिकेपुढचा खरा प्रश्न असतो, म्हणून त्याच्यात थोडा खलनायक हवाच. मला हे निम्मं पटतं. प्रश्न हवा, तो सोपा नको, हे खरं. पण आपल्या गल्लीबोळांतल्या मुली असले भाग बसमध्ये, रात्री पांघरुणात वाचतात, आणि 'रागावतो म्हणजे प्रेम करतो' हे त्यांना घरीदारी आधीच शिकवलेलं असतं. तो धडा पुन्हा गिरवायला लेखिका कशाला हवी? राग दाखवायचा तर त्याचाही हिशेब मांडायचा.

नायिकेबद्दल मात्र तक्रार नाही. तिला 'माझं चुकलं' हे दोन शब्द उच्चारता येत नाहीत. त्याऐवजी ती बहिणीच्या वाटणीची भांडी मुकाट्यानं घासते, आणि बहीण ते पाहून आणखी चिडते. असं माणूस मला ओळखीचं वाटतं. तुम्हालाही वाटलं असेल.

आता केसबद्दल. तुमची भीती अगदीच हवेतली नाही, आपल्याकडे हे घडलेलं आहे. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' ही कथा आली होती. एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया. अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयानं दोषी ठरवलं, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कथा अश्लील नाही म्हणून त्यांना सोडलं. आज छापील मजकुराला भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ आणि मोबाईलवरच्या मजकुराला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ लागू शकतं. पण तुमच्या लेकीच्या ३१ भागांत मिळून एकच चुंबन आहे, तेही लाईट गेल्यावर. निवांत झोपा.

पोटापाण्याचं बघू. बी.एड.ला तुम्ही पक्की नोकरी समजताय, तसं ते राहिलेलं नाही. पदवीनंतर सीईटी ही प्रवेश परीक्षा, मग दोन वर्षांचा अभ्यासक्रम, मग टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवर जागा निघण्याची वाट. हा रस्ता वाईट नाही, पण मन नसलेल्या मुलीला त्यावर ढकललं तर ती मधल्याच कुठल्यातरी परीक्षेत अडकून बसते, असं मी पुष्कळदा पाहिलंय. उलट फक्त अ‍ॅपवर विसंबायलाही मी सांगणार नाही. तिथे कमाई होते ती वाचकांच्या वर्गणीतून, नेमानं भाग टाकावे लागतात, आणि नियम कंपनीचे. पहिली काही वर्षं तो खिशाचा खर्च समजावा. पदवी पूर्ण होईपर्यंत यातला कुठलाही निर्णय घ्यायची घाई नाही.

तिच्या हातात असलेली आणि तुम्हाला न दिसलेली गोष्ट म्हणजे तुमच्या घरची तेलुगू. आपल्या सोलापुरातच डॉ. लक्ष्मीनारायण बोल्ली यांच्यासारखे लेखक होऊन गेले, ज्यांनी तेलुगू आणि मराठी दोन्हींशी संसार केला. तिला तेलुगू बोलता येत असणार, पण लिपी वाचता येते का? पूर्व भागातल्या बऱ्याच मुलांना येत नाही. येत नसेल तर या सुट्टीत शिकवा. घरात आजी असेल तर तिच्याकडूनच. तेलुगूतून थेट मराठीत आणणारी माणसं मोजकी आहेत. पुस्तकांचा अनुवाद, डबिंगचे संवाद, सबटायटल्स ही कामं अशा माणसाला शोधत येतात. शिवाय ऑडिओ कथा आणि मालिकांचे संवाद लिहिणं आहेच. ते शास्त्रशुद्ध शिकायचं असेल तर पदवीनंतर पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखनाचा अभ्यासक्रम आहे. प्रवेश परीक्षा अवघड असते, हेही सांगून ठेवते.

पहिलं पुस्तक काढायची वेळ आली तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिची माहिती काढा. "एवढे हजार भरा, पुस्तक काढून देतो" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. आणि कथा दिवाळी अंकांना पाठवायची असेल तर पावसाळा सुरू होतानाच पाठवायची. दसऱ्याला पाठवलेली कथा पुढच्या वर्षी तरी लागेल का, देव जाणे.

एक काम मात्र तुम्हीच करायचं. कारखान्यात मालकाशी मजुरीचं बोलणं तुम्ही करता ना? तशीच तिची करारपत्रं तिच्या शेजारी बसून वाचा. कथा लिहिली त्या क्षणी हक्क तिचा, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं ती पाच वर्षं धरली जाते, म्हणून 'कायमचे सर्व हक्क' असं कुणी लिहून आणलं तर तिथेच बोट ठेवा. हक्क विकले तरी लेखिका म्हणून तिचं नाव काढून टाकता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. नवी मुलं मानधनाचा आकडा बघतात आणि सही करून मोकळी होतात.

राहता राहिला तो पोरगा. त्यानं आईला खरं सांगितलं की नाही, मला कसं कळणार? बत्तिसावा भाग तुमच्याच घरात, पलीकडच्या खोलीत लिहिला जातोय. तिलाच विचारा. मात्र विचारायचं तर आधी झेरॉक्सच्या दुकानाचं सांगावं लागेल, आणि ती चिडेल. चिडू द्या. एकोणिसाव्या भागाचं मी म्हटलेलं तेवढं त्याच दिवशी काढू नका, दोन दिवस जाऊ द्या.

तुमची,
ताई